गॅलिलिओचा ऑपेरा शेवटाकडून सुरू होतो; कोल्हापुरात मराठीत करायचा तर कसा?

पेटीवाली (धागाकर्ती)

फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकारानं गॅलिलिओच्या आयुष्यावर ऑपेरा केला आहे. 'गॅलिलिओ गॅलिली' हेच त्याचं नाव. २००२ साली शिकागोच्या गुडमन थिएटरमध्ये तो पहिल्यांदा उभा राहिला. दहा प्रवेश, मध्यंतर नाही, दीडएक तासात संपतो. पोर्टलंड ऑपेराचं ध्वनिमुद्रण हाती लागल्यापासून आमच्या गटात दुसरा विषय नाही. पेटी, तबला, दोन गाणारे आणि एक निवृत्त मास्तर एवढाच आमचा गट. गॅलिलिओवर मराठीत चाळीसएक मिनिटांची संगीतरचना करायची असं ठरतंय. ग्लासचा अनुवाद करायचा नाही. रचना आपली, बंदिशी आपल्या. पण त्याच्याकडून एक गोष्ट घ्यायची की नाही यावर घोडं अडलंय, म्हणून हा धागा.

ती गोष्ट म्हणजे क्रम. पडदा उघडतो तेव्हा गॅलिलिओ म्हातारा आहे, दृष्टी गेलेली आहे, स्वतःच्याच घरात नजरकैदेत बसलाय. तिथून कथा मागे मागे जाते. माफीनामा आधी ऐकू येतो, खटला त्यानंतर. मग उतरत्या फळीवरचे प्रयोग, दुर्बीण, झुलते दिवे. शेवटच्या प्रवेशात लहान गॅलिलिओ आपल्या वडिलांनी रचलेला ऑपेरा बघत बसलेला असतो. त्या आतल्या ऑपेरात ओरायन नावाच्या शिकाऱ्याचे डोळे जातात आणि उगवत्या सूर्याकडे गेल्यावर परत मिळतात. म्हणजे आंधळ्या म्हाताऱ्यापासून निघालेली गोष्ट, डोळे परत मिळालेल्या माणसावर आणि टक लावून बघणाऱ्या पोरावर येऊन थांबते.

ज्यांना तपशील आठवत नसतील त्यांच्यासाठी: १६३२ साली गॅलिलिओचा विश्वरचनेवरचा संवादग्रंथ छापला गेला. त्यात पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताची बाजू उघड उघड जड होती. पुढच्याच वर्षी, २२ जून १६३३ ला, रोममधल्या मिनर्व्हाच्या मठात त्याला गुडघ्यावर बसवून ते मत सोडल्याचं वाचून दाखवायला लावलं. वय ६९ पुरं, सत्तरावं चालू. आधी सिएनाला, मग फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीला नजरकैद. ८ जानेवारी १६४२ ला तो गेला तोवर ती कैद उठली नव्हती.

आता संगीताचं. त्याचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवणारे आणि संगीतशास्त्रावर वाद घालणारे गृहस्थ. फ्लॉरेन्समध्ये काउंट बार्दींच्या घरी जमणाऱ्या मंडळींतले. त्यांची तक्रार अशी की चार-पाच आवाज एकात एक गुंतवून गायलं की शब्द बुडतात आणि भाव पोचत नाही. एकानं गावं, बाकीच्यांनी साथ करावी. कोल्हापुरातल्या कुठल्याही संगीत नाटकवेड्याला हे लगेच पटेल. याच मंडळींच्या विचारातून पुढे ऑपेरा जन्माला आला. एवढं असताना गॅलिलिओवरची रचना खटल्याच्या टाळीवर संपवायची हे मला पटत नाही. उलट्या क्रमात न्यायालयाच्या हातातून शेवटचा शब्द काढून घेतलाय आणि तो वडिलांच्या गाण्याला दिलाय. माझं मत तेच ठेवावं असं आहे. तुमचं सांगा.

नागाळापार्क

ताई, विषय उत्तम, मत मात्र पटलं नाही. शेवटचा शब्द न्यायालयाचाच होता, हीच तर त्या आयुष्याची गोष्ट आहे. त्याचं पुस्तक बंदी घातलेल्या यादीतून निघायला १८३५ साल उजाडलं. चर्चनं चूक झाली असं पोपच्या तोंडून म्हणायला ३१ ऑक्टोबर १९९२. माणूस मेल्यावर साडेतीनशे वर्षांनी. प्रेक्षकाला बालपणाचं गोड गाणं ऐकवून घरी पाठवायचं म्हणजे ही साडेतीनशे वर्षं झाकायची. सरळ क्रमानं जा आणि माफीनाम्यावर थांबा. लोक अस्वस्थ होऊन उठले पाहिजेत.

शाहूपुरीचा तबला

ताई, ह्यो धागा काढलासा ते लई बरं केलंसा. ग्लासबद्दल एक सांगतो. हा गडी १९६० च्या दशकात पॅरिसला शिकत असताना पंडित रविशंकरांच्या हाताखाली एका चित्रपटाच्या संगीताचं काम करत होता. सुरावटी ऐकून कागदावर उतरवायच्या, तिथल्या वादकांना द्यायच्या. तालाचे विभाग त्याला कागदावर काही केल्या जुळंनात. उस्ताद अल्लारखा शेजारी. तिथून त्याला ताल म्हणजे काय त्याची वाट सापडली, असं त्यानं स्वतःच सांगितलंय. नंतर त्यानं जे केलं ते आपल्यासारखं न्हाई, पण नातं ऐकू येतं. आपल्यात आवर्तन ठरलेलं, सोळा मात्रा म्हणजे सोळा. आत काय भरायचं ते तुमी बगा. तो पाच सुरांचा तुकडा घेतो, त्याचे सहा करतो, सात करतो, परत पाचावर येतो. घरच मोठं होतं, लहान होतं. म्हणून त्याचं ऐकताना सम कुठं आली ते कळत न्हाई, पण पाय हलत राहतो.

गांधीजींवरचा 'सत्याग्रह' त्याचाच, १९८० चा. तो तर सगळा संस्कृतात, गीतेतल्या श्लोकांवर. तवा हा माणूस आपल्याला परका न्हाई.

क्रमाबद्दल मी अजून कुठल्याच बाजूचा न्हाई.

रंकाळावेस

वाचतोय. एक सुचवू का? ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात सूर्याच्या न चालता चालण्याचा दाखला आहे. गॅलिलिओच्या तीनशे वर्षं आधी माउलींनी हे सांगितलं. रचनेची नांदी त्या ओवीनं करा. कोल्हापूरच्या माणसाला थेट भिडेल.

उतरती फळी

रंकाळावेस, ओवी गायला फार सुंदर आहे आणि नांदीला शोभेलही. पण तिचं काम वेगळं आहे हे निवेदनात सांगावं लागेल. कर्म करत असूनही अकर्ता कसं राहावं, हे समजावण्यासाठी माउलींनी तो दाखला दिलाय. गॅलिलिओची गोष्ट दुर्बिणीतून बघून, मोजून, पुरावा मांडून सिद्ध करू पाहण्याची आहे. 'आमच्याकडे आधीच होतं' असा सूर नांदीलाच लागला तर पुढचं सगळं नाटक त्याखाली दबेल. दोघांचाही मान त्यात राहत नाही.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. मला या रचनेत सगळ्यात ओढ आहे ती फळीच्या प्रवेशाची. सेकंद दाखवणारं घड्याळ तेव्हा नव्हतं. गॅलिलिओनं स्वतः लिहिलंय ते पाण्याच्या घड्याळाबद्दल: बारीक धारेनं पडलेलं पाणी तोलून वेळ काढायचा. पण स्टिलमन ड्रेक या अभ्यासकानं त्याचे हस्तलिखित कागद तपासून असं मांडलं की आधीच्या प्रयोगांत त्यानं फळीवर आडव्या तारा बांधल्या असाव्यात. चेंडू घरंगळताना प्रत्येक तारेवर टक् असा आवाज होणार. सगळे आवाज एका लयीत येईपर्यंत तारा पुढे-मागे सरकवायच्या, मग अंतरं मोजायची. ल्यूटवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाचा कान लयीत कच्चा असणार नाही. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात नंतरच्या काळात केलेली घंटा लावलेली फळी आहे, तीही याच तत्त्वावर.

मी वर्गात हे करतो. साधारण साडेपाच फुटांची खाचेची फळी, एक टोक दोन-अडीच इंच वर. सुरुवातीपासून ४, १६, ३६ आणि ६४ इंचांवर बारीक घुंगरू लावायचे. गोळी सोडली की घुंगरू सारख्या मात्रेनं वाजतात, मात्रा सेकंदाच्या जरा आतबाहेर. मधली अंतरं बघा: ४, १२, २०, २८. म्हणजे १, ३, ५, ७ या प्रमाणात. मुलं आधी घुंगरू सारख्या अंतरावर लावतात, तेव्हा लय पळत सुटते. मग न सांगता स्वतःच सरकवायला लागतात. हे रंगमंचावर करा, तबलजीनं त्यावर ठेका धरावा. निवेदनाची गरज नाही.

ताईंच्या लेखात एक जोड. विन्चेन्झो १५९१ साली वारले आणि पहिला ऑपेरा म्हणून ओळखला जातो तो त्यानंतर काही वर्षांनी झाला. तेव्हा लहान गॅलिलिओ वडिलांचा ऑपेरा बघतोय ही ग्लासच्या नाटकातली कल्पना आहे. कल्पना म्हणून ती घ्यावी असं माझं मत. आणि 'पण ती फिरतेच' हे वाक्य माफीनाम्यानंतर तो पुटपुटला याला त्याच्या काळातला पुरावा नाही. कृपा करून ते वाक्य रचनेत घालू नका. टाळी मिळेल, पण खोटी मिळेल.

नागाळापार्क

फळी सर, शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. त्या वाक्यानं सगळं सोपं होऊन जातं. तो गुडघ्यावर बसला, वाचलं, सही केली. एवढंच झालं. ते तसंच सोसावं लागेल.

मिरजेची तार

आम्ही मिरजेचे, तंबोऱ्याच्या कामातले. पोस्टात विन्चेन्झोंचं नाव बघून राहवलं नाही, कारण त्यांचा एक प्रयोग आमच्या पोटापाण्याशी संबंधित आहे.

जुनी समजूत अशी होती की पायथागोरसनं लोहाराच्या हातोड्यांचे आवाज ऐकले, वजनं ताडून पाहिली आणि दुप्पट वजनाला वरचा षड्ज, म्हणजे तार षड्ज, मिळतो असं ठरवलं. पुस्तकांतून हे शेकडो वर्षं उतरत आलं. विन्चेन्झोंनी तारेला प्रत्यक्ष वजनं टांगली आणि १५८९ साली लिहून टाकलं की हे चूक आहे. लांबी निम्मी केली तर तार षड्ज मिळतो, हे बरोबर. पण लांबी तीच ठेवून वजनानं तार षड्ज गाठायचा तर वजन चौपट लागतं.

हे कुणालाही करता येतं. तंबोऱ्याची एक पोलादी तार घ्या. वर पक्की बांधा, खाली १ किलो टांगा. जो स्वर येईल त्याला सा म्हणा. आता ४ किलो टांगा, तार षड्ज. सव्वादोन किलोला पंचम लागतो, स्वच्छ. आणि २ किलो टांगले की काय लागतं सांगू? तीव्र मध्यम. षड्ज आणि तार षड्जाच्या अगदी मधोमध. जिथं पुस्तकं तार षड्ज सांगत होती तिथं तारेतून तीव्र मध्यम येतो. दुकानात आलेल्या गवयांना मी हे करून दाखवतो तेव्हा दोन किलोला सगळ्यांच्या भुवया वर जातात.

उतरती फळी

मिरजकर, तुम्ही फार मोलाची गोष्ट आणलीत. तिला एक धागा अजून जोडतो. वडिलांच्या या प्रयोगाच्या वेळी गॅलिलिओ पंचविशीत होता आणि त्यात त्याचा हात असावा असं काही अभ्यासक मानतात. ते राहू द्या. पण नजरकैदेत त्यानं जे शेवटचं पुस्तक लिहिलं, जे इटलीत छापायची सोय नव्हती म्हणून १६३८ साली हॉलंडात लायडनला छापलं गेलं, त्यात पहिल्या दिवसाच्या संवादाच्या अखेरीस तो पुन्हा तारांवरच येतो. तार षड्जाला चौपट वजन, पंचमाला नऊ-चतुर्थांश. हेच मिरजकरांचे चार किलो आणि सव्वादोन किलो. वडील जाऊन तोवर सत्तेचाळीस वर्षं उलटली होती.

नागाळापार्क, म्हणून मला उलटा क्रम खोटा वाटत नाही. म्हातारपणी, दृष्टी जात असताना, तो स्वतःच मागे वडिलांच्या तारेपर्यंत गेला होता. ग्लासनं ते रंगमंचावर आणलं.

जात्यावरची ओवी

सगळे बाप-लेकाबद्दल बोलताय. लेकीबद्दल कुणीच नाही, म्हणून लिहिते.

गॅलिलिओची थोरली मुलगी व्हर्जिनिया. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून हिचं लग्न जमणं कठीण. तेराव्या वर्षी आर्चेत्रीच्या मठात घातली. तिथं ती सिस्टर मारिया चेलेस्ते झाली. तिनं वडिलांना लिहिलेली १२४ पत्रं आज वाचायला मिळतात. त्यांत औषधं आहेत, मुरांबे आहेत, शिवून दिलेल्या कॉलर आहेत, मठात पैसे नाहीत हेही आहे. त्यानं तिला लिहिलेली उत्तरं उरली नाहीत.

शिक्षेचा एक भाग कुणी सांगत नाही. तीन वर्षं, आठवड्यातून एकदा, पश्चात्तापाची सात स्तोत्रं म्हणायची. लेकीनं वडिलांना कळवलं की हा भार मी माझ्यावर घेते, तुमच्या वाटची स्तोत्रं मी म्हणेन. आणि तिनं ती म्हणायला सुरुवातही केली होती. बाप घरी परतला डिसेंबर १६३३ मध्ये. २ एप्रिल १६३४ ला ती गेली. ३३ वर्षांची होती.

तुम्ही संगीतरचना करताय ना? मग त्याच्या शिक्षेतच गाणं आहे, आणि ते एका बाईनं बापाच्या बदली उचललंय. आपल्याकडे बापाच्या नावानं ओवी कोण म्हणतं? सासरी जात्यावर बसलेली लेकच म्हणते. त्या चालीत, पेटी-तबला काही नको, जात्याच्या घरघरीवर ती सात स्तोत्रं बांधा. एकदम सगळी नकोत. दर प्रवेशाच्या सांध्यावर एक. क्रम सरळ असो की उलटा, ही लेक मध्ये येत राहिली पाहिजे.

पेटीवाली

ओवीताई, ग्लासच्या ऑपेरातही मारिया चेलेस्ते आहे, पण तुम्ही सांगताय ते तिथे असं नाही. हे आपलंच होईल. आमच्यातली धाकटी गायिका तुमचं वाचून दिवसभर चाली शोधत होती. पहिली ओवी तिनं काल बांधली, स्वर चारच, मध्यमाच्या वर जातच नाही.

शाहूपुरीचा तबला

रात्री झोप लागंना, म्हणून लिहितो. मिरजकरांचा दोन किलोचा तीव्र मध्यम डोक्यातनं जाईना.

खटला तिथंच हाय की ओ. मंचावर तार टांगा. वजन २ किलो. समोर खुर्चीवर बसलेली माणसं म्हणतात, ग्रंथात लिहिलंय, दुप्पट वजनाला तार षड्ज. तार छेडा. अख्ख्या सभागृहाला ऐकू येतोय तीव्र मध्यम. प्रेक्षकात गाणं न शिकलेला माणूस असला तरी वर तंबोऱ्याचा सा चालू असताना त्याला कळणार की हे जुळलेलं न्हाई. आणि मग त्या म्हाताऱ्याला गुडघ्यावर बसवून म्हणायला लावायचं: 'हा तार षड्ज आहे.' कानानं ऐकतोय एक, तोंडानं म्हणायचं दुसरं. माफीनामा म्हणजे काय ते सांगायला दुसरा शब्द लागणार न्हाई.

गाणाऱ्या माणसाला बेसूर गायला लावणं सोपं असतं. सूर कळत असताना त्याला चुकीचं नाव घ्यायला लावणं, त्याच्यापुढं तेबी काईच न्हाई.

नागाळापार्क

तबलजी, हे वाचून थांबलो. खटला पृथ्वीच्या फिरण्यावर होता, तारेवर नव्हता, एवढं सूत्रधारानं स्वच्छ सांगावं, म्हणजे कुणी इतिहास म्हणून घेणार नाही. बाकी हा प्रवेश करा.

मी सरळ क्रमाचा हट्ट का धरतो तेही सांगतो. आपण हे कोल्हापुरात करणार आहोत. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना कॉम्रेड गोविंद पानसरेंवर आपल्याच गावात गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. ते वैज्ञानिक नव्हते, पण पुरावा मागा, वाचा, विचारा हेच सांगत होते. इथल्या प्रेक्षकाला गॅलिलिओ चारशे वर्षं जुना वाटणार नाही. म्हणून मला भीती आहे की उलट्या क्रमात आपण त्याला दिलासा देऊन सोडू.

आणि माफीनाम्याचा मूळ मजकूर बघितलात का? तो असा सुरू होतो: मी, गॅलिलिओ, फ्लॉरेन्सच्या कैलासवासी विन्चेन्झो गॅलिली यांचा मुलगा, वय वर्षं सत्तर... म्हणजे आपलं मत सोडताना पहिल्याच ओळीत त्याला बापाचं नाव घ्यावं लागलं. ज्या बापानं ग्रंथ बाजूला ठेवून तार छेडून बघितली, त्याचं.

उतरती फळी

नागाळापार्क, हे नाव मी अनेकदा वाचलं होतं, असं ऐकलं नव्हतं. ही ओळ आहे तशी मराठीत आली पाहिजे. खटल्याच्या वेळच्या पोपबद्दलही एक. अर्बन आठवा हा पोप व्हायच्या आधी कार्डिनल बार्बेरिनी होता, तेव्हा त्यानं गॅलिलिओच्या कौतुकाची लॅटिन कविता लिहिली होती. त्याच माणसाच्या काळात खटला झाला. त्याला खलनायकाच्या सुरात गाऊ नका. कवितेची चाल आणि हुकमाची चाल एकच ठेवा, फक्त लय बदला.

शाहू स्मारकाजवळ

मी गाते, जयपूर घराण्याची तालीम आहे. या गावात रागाचं बोलताना अल्लादिया खाँसाहेबांची आठवण ठेवूनच बोलावं लागतं. शाहू महाराजांनी १८९५ साली त्यांना इथं आणलं म्हणून आमच्या पिढ्यांना ही गायकी मिळाली. ती श्वास घेऊन, लयीशी बांधून गायची गायकी आहे, आरडाओरड्याला तिच्यात जागा नाही. खटल्याचा प्रवेश नाट्यपूर्ण करण्याच्या नादात कुणी किंचाळू नये, एवढी आधीच विनंती.

खटल्याला मारवा घ्या. पंचम नाही, तीव्र मध्यम आहे, आणि षड्जावर गवई टेकत नाही. टाळत टाळत जातो. घराबाहेर काढलेल्या माणसाचा राग आहे तो. शेजारी तारेतून तीव्र मध्यम वाजतोय आणि गायक मारव्यात आहे, म्हणजे तार आणि गळा एकमेकांना साक्ष देतील. माफीनाम्याचं वाक्य मात्र रागात नको. एका स्वरावर, सरळ, वाचल्यासारखं. तान नाही, मींड नाही.

दुर्बिणीला यमन. जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र दिसले ती रात्र आहे, प्रसन्न राग हवा. आणि क्रम उलटा ठेवलात तर शेवटी ललत. पहाटेचा राग, शुद्ध आणि तीव्र दोन्ही मध्यम शेजारी शेजारी लागतात. खटल्यात जो स्वर त्याच्याविरुद्ध वापरला, तोच ललतात आपल्या भावाशेजारी बसतो. ओरायनला सूर्योदयाला डोळे मिळतात, त्याला दुसरा राग मला सुचत नाही.

पेटीवाली

सगळ्यांचं वाचून वजनं मांडून बघितली. उलट्या क्रमात पहिला प्रवेश नजरकैद, १ किलो, सा. मग खटला, २ किलो, तीव्र मध्यम. मग फळी आणि दुर्बीण, सव्वादोन किलो, पंचम. शेवटी वडिलांचं घर, ४ किलो, तार षड्ज. रचनेभर तार चढत जाते आणि एकही वजन ओढूनताणून बसवलेलं नाही. सरळ क्रमात हीच तार उतरत सा वर येते.

नागाळापार्क, तुमची भीती मी मनात ठेवली आहे. म्हणून असं करू: शेवटच्या प्रवेशात ललत सुरू असताना सूत्रधारानं तीन साल सांगायची, १६३३, १८३५, १९९२. गाणं थांबवायचं नाही. आणि लेकीची सातवी ओवी तिथे म्हणायची नाही, कारण ती तीन वर्षं पुरी करू शकली नाही. सहाच ओव्या होतील.

जागेचं विचारलं होतं एकानं व्यक्तिगत निरोपात. ऑगस्ट २०२४ च्या आगीत केशवराव भोसले नाट्यगृह गेलं तेव्हापासून मोठ्या जागेचा विचार मी मनातून काढलाय. ही रचना लहान जागेतच बरी, तार सगळ्यांना विनामाइक ऐकू गेली पाहिजे.

नागाळापार्क

सहा ओव्या आणि तीन साल. ठीक. मी अजूनही सरळ क्रमाचाच आहे, पण मराठी मजकूर लिहायला मला घ्या. माफीनाम्याचं पान माझ्याकडे.

जात्यावरची ओवी

सहावी ओवी मध्येच तोडा, अर्ध्या ओळीवर. जातं चालू राहू दे.

मिरजेची तार

मग तारेचं माझ्याकडे. प्रयोगाआधी काही गोष्टी सांगून ठेवतो, ऐनवेळी घोळ नको.

तार उभीच टांगा. घोडीवरून, म्हणजे तार टेकते त्या पट्टीवरून, आडवी नेऊन कप्पीवरून सोडली तर घोडीपाशी अडकते, सगळा ताण पलीकडे पोचत नाही आणि स्वर थोडा उतरतो. मग प्रेक्षकांत बसलेला जाणकार म्हणेल की तुमचं गणितच चुकलं. वरच्या टोकाला पितळी आडवी पट्टी, खाली आकड्याच्या वर दुसरी, दोन्हींच्या मध्ये दोन फूट. आवाजासाठी वरची पट्टी भोपळ्याच्या तबलीवर, म्हणजे लाकडी झाकणावर, बसवून देतो.

आकड्याचं वजन वजनात धरा. पन्नास ग्रॅमचा आकडा १ किलोच्या वेळी विसरलात तर सा चढलेला लागेल आणि पुढची सगळी प्रमाणं बिघडतील. वजनं तराजूची, शिक्का मारलेली घ्या. चार किलोत शंभर ग्रॅम कमी पडले तरी शाहू स्मारकाजवळच्या ताईंना तार षड्ज उतरलेला कळणार.

नवी तार आधी रात्रभर ४ किलोवर लोंबत ठेवा. ती ताणली जाते, मगच स्थिर होते. आणि वजन बदलल्यावर डोलायचं थांबेपर्यंत छेडू नका. तेवढा वेळ तबलजींनी भरून काढावा. तालमीचा दिवस कळवा, तबली आणि दोन जास्तीच्या तारा घेऊन मिरजेहून पॅसेंजरनं येतो.